दुसरा ठप्पा

धांडेजींनी आयुष्यात कधी पहिलं टरबूज घेतलं नाही. बाजारात उभे राहिले की पहिलं उचलत, कानाशी नेऊन वाजवत, देठ पाहत, बुडाशी अंगठा दाबत आणि खाली ठेवत. मग दुसरं, मग तिसरं. फळवाला वैतागून म्हणे, "बाबूजी, लड़की देखने आए हो क्या?" धांडेजी शांतपणे म्हणत, "लड़की देखने में भी इतना ही देखना चाहिए, भैया," आणि चौथं उचलत. कधी कधी आठ-दहा वाजवून रिकामी पिशवी घेऊन घरी जात. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणायच्या, "उन्हाळा सरून जाईल, पण यांचं टरबूज काही पास होणार नाही."

काकू हसून म्हणायच्या आणि आम्हीही हसायचो. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

नर्मदेकाठच्या आमच्या सरकारी फॅक्टरीतल्या तपासणी विभागात ते आमचे वरिष्ठ. मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा विभागात मी एकटीच बाई, त्यात मराठी. हिंदीच्या त्या कलकलाटात पहिल्या दिवशी कुणीतरी मागून म्हणालं, "घाबरून काहून राहिली? पुर्जा चावत नाही." वळून पाहिलं तर पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पेन आणि पेनाच्या शेजारी एक लोखंडी गेज. गेज म्हणजे दोन तोंडांचं माप. एक तोंड भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये, तर भोक बरोबर. हे गेज ते घरीही खिशातून काढत नसत. एकदा त्यांच्या मुलीच्या बांगड्या घ्यायला बड्या फुहाऱ्याच्या बाजारात गेले, तेव्हा काचेच्या बांगडीतून ते घालून पाहिलं होतं. दुकानदार अजून सांगत असेल.

विभागात प्रत्येकाचा एक पोलादी ठप्पा असे, त्यावर नंबर. माल पसंत पडला की हातोडीनं ठप्पा मारायचा. मग तो पुर्जा देशात कुठंही जावो, बिघडला तर नंबर बोलायचा. धांडेजींचा सात, माझा एकतीस. या सरकारी नियमाला धांडेजींनी आपला एक घरचा नियम जोडला होता. एखादा पुर्जा त्यांनी स्वतः कारागिराच्या डोक्याशी बसून घडवून घेतला असेल, तर त्यावर ते आपला ठप्पा मारत नसत. दुसऱ्याला बोलावत.

"ज्या मालावर जीव जडला, त्याच्यावर आपला ठप्पा चालत नाही, सुनंदा. डोळे आपले राहत नाहीत मग."

आणि दुसऱ्यानं नाही म्हटलं तर? तर 'काहून' म्हणून विचारायचं नाही. "काहून विचारलं की वाद होते. वादात ज्याचं तोंड मोठं, त्याचा माल पास होते."

पहिल्याच वर्षी मी त्यांचा एक पुर्जा नापास केला. पंधरा दिवसांची मेहनत होती त्यांची. माझं माप केसभर जास्त येत होतं. त्यात पुर्ज्याचा दोष होता की माझा हात थरथरत होता, हे मला आजही सांगता येणार नाही. मी नुसती मान हलवली. धांडेजींनी पुर्जा उचलला, भंगाराच्या डब्यात टाकला आणि हात पुसले. विभागातले लोक टकमक बघत राहिले. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर काकूंच्या हातच्या करंज्यांचा डबा होता. "नाही म्हणता आलं पाहिजे माणसाला," एवढंच म्हणाले. त्या दिवशी मी किती फुगले होते. तो फुगा पुढे महागात पडला. मला नाही, त्यांना.

असा माणूस उडायच्या नादाला लागला.

झालं असं की शहपुऱ्याला एका लग्नाला ते गेले होते. वरात निघायच्या वेळी डोक्यावरून फटफटीसारखा आवाज करत एक छोटं विमान आलं आणि गावाबाहेरच्या कापलेल्या शेतात उतरलं. फौजी लोकांची कसलीशी लांबची सफर चालली होती, त्यातलं एक. इंजिन कुरकुरायला लागलं म्हणून खाली आणलेलं. वरातीतले अर्धे लोक नवरदेवाला सोडून शेतात पळाले, धांडेजी त्यांत सगळ्यात पुढे. वर कापडी पंख, खाली तीन चाकांवर दोन खुर्च्या, मागे पंखा. बस, एवढंच विमान. लोक पंखाला हात लावून बघत होते. धांडेजी दोन्ही हात पाठीशी बांधून त्याच्याभोवती तीन प्रदक्षिणा फिरले. मग पंखाच्या सांध्याशी वाकले आणि वैमानिकाला म्हणाले, "साहब, यहाँ नट की पिन नहीं है."

तो तरुण अधिकारी आला, वाकून पाहिलं आणि नटाला बोट लावलं तर तो फिरला. पिन नाही म्हणजे नट फिरत फिरत सुटला असता आणि पंख हवेत राहिला असता. दुसऱ्या दिवशी त्यांचा मिस्त्री आला, इंजिन नीट झालं, पिन बसली. अधिकारी धांडेजींना म्हणाला, "दादा, पीछे बैठिए, एक चक्कर लगवा दूँ." धांडेजी म्हणाले, "पीछे बैठकर क्या करूँगा? सीखूँगा, फिर आगे बैठूँगा."

ही गोष्ट ते फार ऐटीत सांगत. मलाही तेव्हा ती ऐट वाटायची. आता ती गोष्ट आठवली की मला त्यांचा दंड धरून त्या मागच्या सीटवर बसवावंसं वाटतं.

शहपुऱ्याहून आले आणि त्यांनी लाल पुठ्ठ्याची एक वही सुरू केली. उडायला कुठं शिकायचं, याची वही. तेव्हा मोबाइल नव्हते, घरबसल्या काही कळायची सोय नव्हती. पत्ते मिळवायचे, पत्रं टाकायची, उत्तराची वाट बघायची. धांडेजींनी बावीस प्रश्नांची यादी केली आणि जिथं जिथं अशी विमानं शिकवतात असं कानावर आलं, तिथं रजिस्टरनं धाडली. इंजिनाचे तास कोण लिहिते? विद्यार्थ्याला एकट्यानं वर सोडायचं हे कोण ठरवते? वारा किती असला की शिकवणं बंद करता? आणि बंद केल्यावर चहा पिता की उद्याचं काम करता? शेवटचा प्रश्न वाचून मी म्हटलं, "धांडेजी, हे काहून विचारून राहिले?" तर म्हणाले, "जो मास्तर रिकाम्या वेळात विमान पुसते, तो मास्तर."

एका ठिकाणाहून उत्तरच आलं नाही. एकानं छापील रंगीत कागद पाठवला, त्यावर हसणारी मुलगी. "प्रश्न बावीस, उत्तर फोटो," म्हणून धांडेजींनी तो वहीत चिकटवला आणि खाली लाल फुली मारली. मग रजा टाकून ते स्वतः बघायला जाऊ लागले. दरवर्षी एक शाळा. आम्ही विभागात विचारायचो, "क्या हुआ, धांडेजी, रिश्ता पक्का?" एके ठिकाणी मास्तरनं विमानाभोवती न फिरता सरळ इंजिन चालू केलं, फुली. दुसऱ्या ठिकाणी पोरांच्या वह्यांत पुढच्या आठवड्याचे तास आधीच लिहिलेले, फुली. तिसरी शाळा बरी होती, पण वारा दाखवणारी कापडी पिशवी खांबावर फाटलेली. मी म्हटलं, "एवढ्यासाठी?" ते म्हणाले, "ज्याला फाटकी पिशवी दिसत नाही, त्याला माझी चूक काय दिसणार?"

खोटं बोलत नव्हते ते. प्रत्येक फुली बरोबर होती. पण वर्षं जात होती, आणि प्रत्येक फुलीबरोबर माणूस एक वर्षानं म्हातारा होत होता, हे त्यांच्या बावीस प्रश्नांत कुठंच नव्हतं.

कशावर शिकायचं, हे मात्र त्यांचं पक्कं झालं होतं. दांडीवालं. शहपुऱ्याला उतरलेलं तसलं. पुढ्यात एक आडवी दांडी, ती पुढे ढकलली की नाक वर, मागे ओढली की खाली, डावीकडे जायचं तर दांडी उजवीकडे लोटायची. सगळं उलटं. त्याची सवय व्हावी म्हणून त्यांनी बैठकीतल्या झोपाळ्याच्या कड्यांना एक बांबू टांगला. रोज संध्याकाळी चहा झाला की खुर्ची ओढून बांबूसमोर बसायचे. मी एकदा गेले तेव्हा डोळे मिटून नर्मदेच्या ग्वारीघाटावरून वळण घेत होते. काकू पोहे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "खाली उतरा, निवून राहिले." ते म्हणाले, "वारा आडवा आहे, दोन मिनिटं थांब."

आणि मग एक उत्तर आलं. महाराष्ट्रातून, ऊसपट्ट्यातून. तिथल्या एका साखर कारखान्याची जुनी धावपट्टी पडून होती, त्यावर एक निवृत्त फौजी मास्तर दोन विमानं ठेवून शिकवत होते. त्यांनी बावीसच्या बावीस उत्तरं हातानं लिहिली होती आणि खाली आपले दोन प्रश्न घातले होते. तुमचं वजन किती? आणि तुम्हाला कशाची भीती वाटते?

धांडेजी ते पत्र घेऊन फॅक्टरीत आले. चेहरा असा की मुलीचं लग्न ठरलं तेव्हाही तसा नव्हता. मालाच्या काट्यावर उभे राहून वजन केलं. भीतीच्या प्रश्नावर दोन दिवस अडले. शेवटी काय लिहिलं ते मी विचारलं, तर म्हणाले, "लिहिलं की उशीर होण्याची."

मग एक दिवस मला म्हणाले, "तू तुझ्या भावाकडं चालली ना दिवाळीला? तो त्याच जिल्ह्यात आहे. धावपट्टी पाहून ये."

"तुम्हीच जा ना. दरवेळी तुम्हीच जाता."

"नाही. या जागेवर जीव जडला माझा, न पाहताच. माझा ठप्पा चालत नाही. दुसरा ठप्पा तू." आणि वही माझ्या हातात दिली. त्या पानावर सगळ्या रकान्यांत त्यांच्या अक्षरात 'ठीक' लिहिलं होतं, तळाला एक चौकोन कोरा.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी काकू माझ्या क्वार्टरवर आल्या. कधी एकट्या येत नसत. पाणी दिलं तर घेतलं नाही.

"सुनंदा, तू नाही म्हण."

"काकू, मी अजून पाहिलं कुठं?"

"पाहून ये, आणि नाही म्हण. मी म्हटलं तर बायको भिते, असं होते. तुझं नाही ते नाही. तुला विचारणारही नाहीत." पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "माझे वडील नर्मदेत नाव उलटून गेले. मी घाटावर होते. पाणी तरी होतं खाली, लोकांनी उड्या घातल्या. तिथं वर कोण उडी घालणार आहे?"

मी हो म्हटलं. काकूंची दया आली, हे खरं. पण दुसरंही खरं आहे, ते आज सांगते. धांडेजींसारख्या माणसाचं आयुष्य माझ्या एका मान हलवण्यावर फिरतं, याची मला गोडी लागली होती. मनात म्हटलं, बघू तरी, काहीतरी दोष सापडेलच. आजवर कुठं सापडला नाही?

तिथं दोष नव्हता. मी पोचले तेव्हा वाऱ्यामुळे शिकवणं बंद होतं आणि मास्तर गुडघ्यावर बसून विमानाचं चाक पुसत होते. वाऱ्याची पिशवी नवी, शिवण दुहेरी. पेट्रोल त्यांनी माझ्यासमोर दोनदा गाळलं. वारा पडल्यावर विमानाभोवती फिरले, प्रत्येक नटाला बोट लावत, ओठांत काहीतरी पुटपुटत. मला वाटलं, हे धांडेजींचेच कुणी भाऊ असावेत. फिरून झाल्यावर म्हणाले, "तुमच्या साहेबांनी तुम्हाला पाहायला पाठवलंय. खालून काय दिसणार? बसा मागे."

आणि मी बसले. कुणाला विचारलं नाही, विचार केला नाही. साडीचा पदर खोचला, त्यांनी पट्टे आवळले, डोक्यावर टोप चढवला, आणि जमीन सुटली.

पंधरा मिनिटं होते मी वर. त्याबद्दल इथं लिहिणार नाही. ती पंधरा मिनिटं माझी नव्हती, दुसऱ्याच्या ताटातली होती. उतरले तेव्हा मी हसत होते आणि हसू थांबत नव्हतं. मास्तर म्हणाले, "साहेबांना म्हणावं, थंडीतच या. हवा चांगली असते."

परतीच्या गाडीत मी वही सात वेळा उघडली. इटारसी गेलं, पिपरिया गेलं, नरसिंहपूर गेलं. काकू घाटावर उभ्या दिसत होत्या. काकूंना शब्द दिला होता, आणि काही झालं असतं तर एकतीस नंबर बोलला असता, याची धडकी होती. सगळं एकत्र झालं. आमचं मदनमहल स्टेशन यायच्या आधी मी कोऱ्या चौकोनात लिहिलं, 'नाही.'

धांडेजींनी वही उघडली, पाहिलं, मिटली. चष्मा काढून पुसला. मी वाट बघत होते की ते विचारतील. एकदा, फक्त एकदा 'काहून' म्हटलं असतं तर मी सगळं ओकून टाकलं असतं. पण नियम त्यांचाच होता. "चलो," म्हणाले, "चहा घेऊ." दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर करंज्यांचा डबा होता. मी त्यातली एकही खाल्ली नाही. घरी नेऊन कामवालीला दिला.

त्यानंतर त्यांनी शाळा पाहिली नाही. एकदा विचारलं तर म्हणाले, "आता काय नवीन पाहायचं." दीडेक वर्षात मधुमेह निघाला, आणि उडायला लागणारा डॉक्टरचा दाखला मिळायची गोष्टच संपली. बांबू कड्यांवरून उतरला आणि मागच्या अंगणात गेला. त्यावर काकूंच्या साड्या वाळायच्या. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी सात नंबरचा ठप्पा टेबलावर ठेवला, रजिस्टरमध्ये सही केली आणि गेज तेवढं खिशात घालून घरी गेले. कुणी मागितलं नाही.

मी जाणं कमी केलं. कामं असतात, लग्न झालं होतं, सासर सांभाळायचं होतं, कारणांना काय तोटा. खरं कारण एकच, त्यांच्या समोर बसवत नव्हतं.

शेवटची गेले ती काकूंनी बोलावलं म्हणून. ओमतीकडच्या त्याच घरात, त्याच बैठकीत ते खुर्चीत बसले होते. मधुमेहानं डोळे नेले होते, नुसता उजेड-अंधार कळायचा. आवाजावरून ओळखलं. "एकतीस नंबर," म्हणाले, "ये."

इकडचं तिकडचं झालं. काकू चहा करायला आत गेल्या. धांडेजी थोडे पुढे झुकले.

"त्या मास्तरचं पत्र आलं होतं मला. तू तिथं जाऊन आल्यावर महिन्याभरानं."

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"लिहिलं होतं, तुमच्या बाई वर जाऊन आल्या, उतरल्यावर हसत होत्या, तुम्ही कधी येता."

"धांडेजी, तुम्ही तेव्हा बोलले नाही?"

"काय बोलायचं? मी विचार केला, कागदावर सगळं ठीक. ही वर जाऊन आली, हसत उतरली, आणि तरी नाही म्हणून राहिली. म्हणजे हिनं असं काही पाहिलं जे मला सात जन्मात दिसलं नसतं. त्या दिवशी पटलं की ठप्पा बरोबर माणसाच्या हातात दिला." थांबले. "आता फॅक्टरी नाही, नियम नाही. आता विचारतो. काय पाहिलं होतं?"

तोंड उघडलं होतं मी. देवाशपथ उघडलं होतं. दारात काकू ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. मान हलवली नाही, नुसत्या माझ्याकडे बघत होत्या, पन्नास वर्षांचा संसार हातात धरून.

"आठवत नाही आता, धांडेजी."

"नोंद करून ठेवायला पाहिजे होती," ते म्हणाले. रागानं नाही, विभागात म्हणत तसंच. मग खुर्चीत मागे टेकले. "बरं, ते जाऊ दे. वरून कसं दिसते ते तर आठवते? ऊस कसा दिसते?"

मग मी सांगितलं. इतक्या वर्षांत नवऱ्यालाही नव्हतं सांगितलं. जमीन सुटते तेव्हा पोटात काय होतं ते, ऊस वरून उसासारखा दिसत नाही, नुसती हिरवी गोधडी अंथरलेली वाटते ते, पाटाचं पाणी उन्हात चमकतं आणि आपली सावली त्यावरून आपल्याबरोबर पळते ते. वर वास येतो, गुऱ्हाळाचा, तेही. सांगता सांगता पाहिलं तर धांडेजींचे दोन्ही हात पुढे आले होते, मुठी आवळलेल्या, मधे काही नाही. मी म्हटलं मास्तरांनी डावीकडे वळवलं, तर त्यांच्या मुठी बरोबर उजवीकडे गेल्या. काकूंनी ट्रे खाली ठेवला आणि पायरीवर बसल्या.

मी म्हटलं, "मग समोर धावपट्टी दिसली."

मुठी होत्या तिथंच थांबल्या.

"नको," धांडेजी म्हणाले. "उतरवू नको अजून."

मी पुन्हा उसावरून सुरू केलं.